दिवा का लुकलुकतो? : निरीक्षण आणि अनुमान

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर मी यापूर्वी एकदाच उभा राहिलो आहे. आठवीतील वक्तृत्व स्पर्धा होती. तिसऱ्या वाक्यानंतर भाषण विसरलो आणि खाली येऊन बसलो. आज कार्यवाहांनी पुन्हा बोलावले, तेव्हा मी विषयही असा निवडला की जो विसरणे मला शक्य नाही. माझ्या घरातील एक दिवा लुकलुकत होता, त्याचे कारण मी कसे शोधले आणि त्याआधी ते कसे चुकवले, ही ती हकीकत आहे. उत्सवाच्या मानाने विषय लहान वाटेल. परंतु या शाळेने मला जे दिले, त्याचा हिशेब एवढ्याशा दिव्यापाशीच नीट मांडता येतो, असे मला वाटते.

आमच्या वेळी शास्त्राच्या प्रयोगवहीत दोन रकाने असत. एक ‘निरीक्षण’ आणि दुसरा ‘अनुमान’. एकदा मी निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले, ‘तांब्याची पट्टी गंजली.’ सरांनी लाल शाईने ते खोडले आणि शेजारी लिहिले, ‘रंग हिरवट झाला.’ मी विचारले, “सर, दोन्ही एकच ना?” ते म्हणाले, “नाही. हिरवट झाला हे तू पाहिलेस. गंजली हे तू ठरवलेस. ठरवण्याची घाई झाली की पाहणे थांबते.” त्या वाक्याचा अर्थ मला कळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

विद्युत अभियंता म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आणि आता दिल्लीत द्वारका येथे राहतो. द्वारका म्हटले की आपल्या मनात समुद्र आणि श्रीकृष्ण येतात. आमची द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली उपनगरी आहे. पूर्वी या प्रकल्पाला पप्पनकलां म्हणत. तिथे गल्ल्यांऐवजी सेक्टर आहेत आणि वाड्यांऐवजी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारती. २००५ च्या ३१ डिसेंबरला तिथे मेट्रो पोहोचली आणि गाव शहराला जोडले गेले. आमच्या संस्थेत बंगाली, मल्याळी, पंजाबी, बिहारी अशी सर्व मंडळी आहेत; मराठी घरे अगदी मोजकी. माझी आई, वय वर्षे चौऱ्याऐंशी, काही वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली.

जानेवारीचा महिना होता. दिल्लीचा जानेवारी म्हणजे दहा वाजेपर्यंत धुके आणि पहाटेपासून गिझर. आई भल्या सकाळी उठून पोथी वाचते. तिच्या उशाशी जुन्या पद्धतीचा, तारेचा, साठ वॉटचा पिवळा बल्ब आहे. पांढऱ्या उजेडात अक्षरे डोळ्यांना बोचतात, असे तिचे म्हणणे. एके दिवशी ती म्हणाली, “अरे, माझा दिवा सकाळी लुकलुकतो.” मी वर्तमानपत्रातून मान न काढता उत्तर दिले, “व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, आई. हिवाळ्यात सगळ्यांचे गिझर चालू असतात.” म्हणजे निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून मी थेट अनुमानाचा रकाना भरला.

तिने दुसऱ्यांदा सांगितले, तेव्हा मी बल्बच बदलला. नवा एलईडी बसवला. लुकलुक थांबली. छत्तीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल अशा समाधानाने मी हात झटकले.

इथे माझी मोठी चूक झाली, ती जरा समजावून सांगतो. तारेच्या बल्बचा उजेड विद्युतदाबाबाबत फार हळवा असतो. दाब दहा टक्क्यांनी वाढला, तर उजेड दहा टक्क्यांनी वाढत नाही. तो साधारण पस्तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढतो. याउलट चांगल्या एलईडी बल्बच्या आत एक छोटे मंडल असते. दाब दोनशे असो वा अडीचशे, ते आतील प्रवाह सारखाच राखते, त्यामुळे उजेड हलत नाही. म्हणजे मी दोष दूर केला नव्हता. घरात दोष दाखवणारा एकच प्रामाणिक साक्षीदार होता, त्याला मी घराबाहेर काढले होते.

पुढच्या आठवड्यात दूरचित्रवाणीच्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर जळाला. नवा आणला. त्यानंतर काही दिवसांनी इंटरनेटच्या पेटीचा अ‍ॅडॅप्टर गेला. मी म्हणालो, “हल्ली वस्तूच टिकत नाहीत.” हे आणखी एक अनुमान. दरम्यान पांढऱ्या उजेडाला कंटाळून आईने जुना बल्ब शेजारच्या मुलाकडून पुन्हा बसवून घेतला होता. त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, “दिवा पुन्हा तसाच करतो हो.”

या वेळी मात्र मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमचे बोलणे जवळजवळ असे झाले :

“आई, नेमका कधी होतो?”

“तू पाणी तापायला लावलंस की.”

“मंद होतो ना?”

“मंद कुठे? मी कधी मंद म्हटलं? उजळतो. कंदिलाची वात कुणी वर करावी तसा. पाणी तापलं, गिझरचा खटका पडला, की पुन्हा होता तसा.”

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का आला, हे सांगण्यासाठी थोडे शास्त्र सांगावे लागेल.

आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. मोठ्या घरांना, जिथे दोन-तीन वातानुकूलन यंत्रे असतात, तिथे अनेकदा तीन फेजची जोडणी असते. आमचीही तशी आहे. तीन फेज तारा आणि चौथी न्यूट्रल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, परंतु कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. घरातील खोल्या या तीन फेजवर वाटलेल्या असतात. आमच्याकडे गिझर एका फेजवर आणि आईची खोली दुसऱ्या.

आता मैदानावरील एक खेळ डोळ्यांसमोर आणा. लोखंडी कडीला तीन दोर बांधले आहेत आणि तीन मुले समान अंतरावर तीन दिशांना उभी राहून ते ओढत आहेत. कडी मध्यभागी एका खुंटीला बांधलेली आहे. तिघांचा जोर सारखा असेल, तर खुंटीवर भार येतच नाही. कडी आपोआप मध्ये राहते. एकाने जोर वाढवला, तर कडी त्याच्याकडे सरकू पाहते, पण खुंटी तिला धरून ठेवते. ही खुंटी म्हणजे न्यूट्रल. खुंटी ढिली झाली तर काय होईल? जोर लावणाऱ्याकडे कडी सरकेल. त्याचा दोर आखूड होईल आणि उरलेल्या दोघांचे दोर लांब होतील. दोराची लांबी म्हणजे त्या त्या फेजचा दाब. गिझर लागला की गिझरच्या फेजचा दाब घटतो आणि आईच्या खोलीचा दाब वाढतो. प्रवाहांच्या बेरजेचा जो नियम गुस्टाव्ह किर्खॉफने १८४५ मध्ये मांडला, त्याचेच हे घरगुती रूप आहे.

म्हणून ‘मंद होतो’ आणि ‘उजळतो’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठे यंत्र चालू झाल्यावर दिवा किंचित मंद होणे, हे बहुधा तारांवरील ओझ्याचे लक्षण असते. एकीकडे यंत्र चालू केल्यावर दुसरीकडे दिवा उजळणे, हे न्यूट्रल सैल झाल्याचे ठळक लक्षण आहे. आणि न्यूट्रल पूर्ण तुटली तर? तिसऱ्या फेजवर काही चालू नाही असे धरू. एका फेजवर २००० वॉटचा गिझर, दुसऱ्या फेजवर सगळे मिळून २०० वॉटची लहान उपकरणे. न्यूट्रल गेली की ही दोन्ही ४०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये एकामागोमाग एक जोडली जातात. दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. गिझरच्या वाट्याला चाळीसही व्होल्ट येत नाहीत आणि लहान उपकरणांवर सुमारे ३६० व्होल्ट आदळतात. जळालेले दोन अ‍ॅडॅप्टर मला आता आठवले. न्यूट्रल पूर्ण तुटली नव्हती. पण क्षणभर तुटून जुळत असावी.

त्या रात्री मी जुन्या वहीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले आणि मल्टिमीटर काढला. गिझर बंद असताना दोन्ही फेजवर २३१ व्होल्ट. गिझर लावताच गिझरच्या फेजवर २०३ आणि आईच्या खोलीत २४६. निरीक्षण लिहिले. शेजारच्या घरी जाऊन विचारले. त्यांच्याकडे काही फरक नव्हता. म्हणजे दोष इमारतीबाहेर नव्हता, आमच्या जोडणीतच होता. मग प्रश्न उरला, कुठे?

इथे अर्धे-अर्धे करण्याची पद्धत उपयोगी पडते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब निरोगी जोडणीत जवळजवळ शून्य असतो. गिझर चालू ठेवून घरातील मुख्य बोर्डापाशी मोजले, तेव्हा हा दाब २८ व्होल्ट निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी परवानाधारक वायरमनला बोलावून तळमजल्यावरील मीटर-खोलीत, मीटरमधून न्यूट्रल बाहेर पडते तिथे त्याच्याकडून मोजून घेतले. एक व्होल्टही नाही. म्हणजे मीटरपर्यंत खुंटी पक्की होती आणि घरापर्यंत येताना ढिली झाली होती. या दोन ठिकाणांच्या मध्ये एकच सांधा होता : मीटरलगतचा आमचा मुख्य स्विच.

वायरमनने पुरवठा बंद केला, तो खरोखर बंद झाल्याची खात्री केली आणि झाकण उघडले. न्यूट्रलच्या सांध्यावरील प्लॅस्टिक वितळून काळे पडले होते. अ‍ॅल्युमिनियमची जाड तार पितळी टोकात नुसती खुपसून वरून स्क्रू आवळलेला होता. तो हाताने हलत होता. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि पकड सैल होते. त्याच्यावर हवेतील प्राणवायूने जो थर बसतो, तो वीज वाहू देत नाही. त्यातून तापणे आणि निवणे यांचे चक्र रोज चालू. सांधा तापला की सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

वायरमनने विचारले, “साहब, ये काम किसने करवाया था?” त्याचे उत्तर मला माहीत होते. सात वर्षांपूर्वी घराची वीजक्षमता वाढवून घेतली, तेव्हा हे काम मीच करवून घेतले होते. मी तिथे उभा होतो. काम संपल्यावर दिवे लागले, पंखे फिरले आणि मी झाकण न उघडता पैसे दिले. दिवे लागले हे निरीक्षण, काम चोख झाले हे अनुमान.

हिशेब केला. २८ व्होल्ट त्या सांध्यावर पडत होते आणि गिझरचे पावणेआठ अ‍ॅम्पिअर त्यातून वाहत होते. गुणाकार दोनशे वॉटच्या वर जातो. म्हणजे मुठीत मावेल एवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या पेटीत, रोज सकाळी गिझर चालू असेतो जणू लहानशी शेगडी पेटत होती. ती पेटी आमच्या बारा मजल्यांच्या इमारतीतील सर्व घरांच्या मीटरशेजारी होती आणि मीटर-खोली जिन्याच्या तोंडाशी होती.

तुम्ही विचाराल, घरात एमसीबी होता ना? होता. तो खाली पडला नाही, आणि पडणारही नव्हता. एमसीबी जादा प्रवाहावर लक्ष ठेवतो. सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. गळतीवर लक्ष ठेवणारा आरसीसीबीही गप्प राहतो, कारण गेलेला प्रवाह पूर्णच्या पूर्ण परत येत असतो. सैल सांधा ही अशी वाट आहे की जिथे आपले दोन्ही पहारेकरी जागे असूनही त्यांना काही दिसत नाही. आमच्या घरात ते एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला दिसले.

मी अतिशयोक्ती करतो आहे असे वाटू नये, म्हणून दिल्लीतीलच एक घटना सांगतो. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात दुपारच्या खेळाच्या वेळी आग लागली आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली. आगीचा उगम तळमजल्यावरील एका रोहित्रात होता. त्या रोहित्रात त्याच दिवशी सकाळी बिघाड होऊन दुरुस्ती झाली होती. केबलच्या टोकाचे सॉकेट त्यासाठी असलेल्या यंत्राने दाबून न बसवता हातोड्याने ठोकून बसवले गेले, हे पुढे न्यायालयीन कामकाजात नोंदले गेले. जोड सैल राहिला, ठिणग्या उडाल्या, रोहित्रातील तेलाने पेट घेतला आणि वरच्या सज्जात धूर भरला. तिथून बाहेर पडण्याच्या वाटा पुरेशा नव्हत्या, म्हणून एवढे बळी गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु पहिली ठिणगी एका सैल सांध्याची होती. त्या सकाळीही दुरुस्तीनंतर वीज आलीच होती.

आमचा सांधा वायरमनने तार मागे कापून, स्वच्छ करून, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे दोन्हींना चालणारे टोक यंत्राने दाबून नवा केला. स्विच बदलला. पुन्हा मोजले : गिझर चालू असताना दोन्ही फेजवर दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त फरक नाही. वर येऊन आईला म्हणालो, “आई, आता बघ.” तिने गिझर लावायला सांगितला, पोथीच्या पानावर बोट ठेवून थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “आता कसा, गरीब झाला दिवा.” मी तिला नमस्कार केला. तिला वाटले, पोथीला केला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी दिवा लुकलुकला, तर घाईने कारण ठरवू नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. पहिला, एकच दिवा लुकलुकतो की अनेक? एकच असेल तर बहुधा बल्ब, होल्डर किंवा बटण. दुसरा, एका खोलीतील सगळे की संपूर्ण घरातील? एका खोलीचे असतील, तर त्या खोलीच्या तारांचा सांधा. तिसरा, शेजाऱ्यांकडेही तसेच होते का? होत असेल, तर दोष पुरवठ्याच्या बाजूला. वीज कार्यालयात तक्रार नोंदवा. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा : कशाच्या वेळी होते, आणि दिवा मंद होतो की उजळतो? उजळत असेल, तर महागडी उपकरणे भिंतीपासून सोडवा, मुख्य स्विच बंद करा आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल, तर बटणातील लहान लाल दर्शकदिवा, किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले बटण, हे कारण असू शकते. तेही दाखवून घ्या.

मात्र प्रश्न विचारणे तुमचे काम, झाकण उघडणे तुमचे नव्हे. स्क्रूड्रायव्हरच्या टेस्टरवर विसंबू नका. तो फेज दाखवतो, न्यूट्रल शाबूत आहे की नाही हे सांगत नाही. आणि न्यूट्रलमध्ये कधीही फ्यूज बसवू देऊ नका. तो वितळला, तर खुंटीच उपटली जाईल.

शेवटी एक विनंती. आपली ही इमारत साठ वर्षांची झाली. ती बांधली तेव्हा एका वर्गात दोन दिवे आणि एक पंखा होता. आज संगणक कक्ष आहे, प्रक्षेपक आहेत, पाण्याचे शीतयंत्र आहे. तारा काही ठिकाणी बदलल्या असतील. सांध्यांकडे कुणी पाहिले आहे का, हे मी काल मुख्याध्यापकांना विचारले. ते स्पष्टपणे म्हणाले, “दिवे लागतात, म्हणून पाहिले नाही.” माझेही सात वर्षे तेच उत्तर होते. तेव्हा हीरक महोत्सवाची माझी भेट म्हणून शाळेच्या संपूर्ण वीजजोडणीची परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी व दुरुस्ती करून देण्याची परवानगी मला द्यावी. त्या पंधरा दिवसांत मी इथेच राहीन. नववीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक खोलीचे मोजमाप सुरक्षित अंतरावरून पाहावे आणि वहीत नोंदवावे. वहीला दोनच रकाने असतील. पहिला पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्यात कुणी काही लिहायचे नाही.

आमचे सर आज हयात नाहीत. त्यांच्या लाल शाईची ती खूण मात्र अजून माझ्याजवळ आहे. ती मी विसरलो होतो. आईच्या दिव्याने आठवण करून दिली. आपण माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत आणि या वेळी मला मध्येच खाली बसावे लागले नाही, याबद्दल मी आपला ऋणी आहे.